अध्यारोपण म्हणजे 'आपल्याला माहीत नाही' नव्हे

प्रश्न असा आहे: नाणं उडवून हाताखाली झाकलं, तर ते छापा किंवा काटा असतंच, आपल्याला ठाऊक नसतं इतकंच. मग कणाचा स्पिन (म्हणजे त्याचा अंगभूत, छोट्या चुंबकासारखा, दिशा असलेला गुण) 'वर आणि खाली यांच्या सुपरपोझिशनमध्ये', म्हणजे अध्यारोपणात, आहे म्हणतात तेव्हा निराळं काय सांगतात? मोजल्यावर निम्म्या वेळा वर आणि निम्म्या वेळा खाली, एवढंच तर मिळतं. आणि अशी अवस्था लिहिताना 'वर' आणि 'खाली' यांना लावलेले गुणक संमिश्र संख्या, म्हणजे √−१ असलेल्या, कशासाठी?

झाकलेलं नाणं आणि अध्यारोपण या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि त्यांतला फरक प्रयोगात मोजता येतो. तो दिसत नाही याचं कारण साधं आहे. तुम्ही मोजमाप एकाच दिशेत करताय, आणि नेमकी तीच अशी दिशा आहे जिथे दोन्हींचं उत्तर सारखं येतं.

'एकाच वेळी वर आणि खाली' हे शब्द आधी बाजूला ठेवा. ते लोकप्रिय आहेत, पण त्यांनी जेवढा गोंधळ घातलाय तेवढा गणितानेसुद्धा घातलेला नाही. त्याऐवजी ईशान्य दिशा डोळ्यांसमोर आणा. ईशान्येकडे चाललेला माणूस 'एकाच वेळी उत्तरेकडे आणि पूर्वेकडे' चाललाय का? तसं म्हणता येईल, पण खरं म्हणजे तो एकाच, पूर्णपणे ठरलेल्या दिशेने चाललाय. 'थोडी उत्तर, थोडी पूर्व' हे आपण निवडलेल्या अक्षांचं वर्णन आहे. आता दुसरी परिस्थिती घ्या. शंभर माणसं आहेत, पन्नास उत्तरेला निघालीत, पन्नास पूर्वेला, आणि त्यांतला एक माणूस तुमच्यासमोर येणार आहे. हे तुमचं झाकलेलं नाणं. ईशान्येला चाललेल्या शंभर माणसांचा जथा आणि हा मिश्र जथा यांत फरक आहे, हे सांगायला कुठलं तत्त्वज्ञान लागत नाही.

स्पिनच्या भाषेत (| ⟩ ही खूण म्हणजे कणाची अवस्था) |+⟩ = (|वर⟩ + |खाली⟩)/√२ ही 'ईशान्य' झाली, आणि |−⟩ = (|वर⟩ − |खाली⟩)/√२ ही 'वायव्य'. |+⟩ ही अर्धवट किंवा धूसर अवस्था नाही. आडव्या, म्हणजे क्ष-अक्षावर मोजलं तर ती दर वेळी, शंभर टक्के, 'अधिक' हेच उत्तर देते.

आता आकडे. प्रत्येकी १००० कणांचे दोन संच घ्या. पहिल्यात सगळे |+⟩ अवस्थेतले. दुसऱ्यात प्रत्येक कणासाठी नाणं उडवून |वर⟩ किंवा |खाली⟩ तयार केलेला. उभ्या, म्हणजे झ-अक्षावर मोजा: दोन्ही संचांत सुमारे ५००-५००. इथे फरक नाही, आणि तुमचा प्रश्न इथूनच आलाय. आता मोजण्याचं चुंबक ९० अंशांनी फिरवून क्ष-अक्षावर मोजा. पहिल्या संचात १००० पैकी १००० 'अधिक'. दुसऱ्यात पुन्हा सुमारे ५००, आणि त्यात साधारण १६ ची सांख्यिकीय चूक (१००० × १/२ × १/२ याचं वर्गमूळ). १००० आणि ५०० यांत गल्लत होण्याची शक्यताच उरत नाही. मात्र एकाच कणावरच्या एकाच मोजमापातून हे कधीच कळणार नाही. त्यासाठी एकसारख्या तयार केलेल्या अनेक प्रती लागतात.

हीच गोष्ट घनता मॅट्रिक्स, म्हणजे अवस्थेचं वर्णन करणारा दोन ओळी-दोन स्तंभांचा तक्ता, नेमकी लिहितं. |+⟩ साठी त्याची चारही पदं १/२ असतात. नाणेफेकीच्या मिश्रणासाठी कर्णावरची दोन पदं १/२ आणि कर्णाबाहेरची दोन्ही शून्य. कर्णावरची पदं झ-अक्षावरच्या संभाव्यता सांगतात, म्हणून तिथे दोघं जुळी दिसतात. कर्णाबाहेरची पदं क्ष-अक्षासारख्या दुसऱ्या दिशेत मोजल्यावर बोलायला लागतात. झटपट खूण हवी असेल तर मॅट्रिक्सचा वर्ग करून कर्णाची बेरीज घ्या: शुद्ध अवस्थेला (|+⟩ सारख्या, मिश्रण नसलेल्या) १ येतं, या मिश्रणाला १/२. परीक्षेत 'ही अवस्था शुद्ध की मिश्र' असं विचारलं की डोळे मिटून हेच करावं.

हे कागदावरच आहे असं वाटत असेल, तर फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या अणुभट्टीवर न्यूट्रॉन घेऊन केलेला, १९८३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. मला तो या विषयातला सर्वांत स्वच्छ प्रयोग वाटतो. सिलिकॉनच्या एकाच स्फटिकातून कोरून काढलेला व्यतिकरणमापी, म्हणजे शलाकेच्या दोन वाटा करून त्या पुन्हा एकत्र आणणारा इंटरफेरोमीटर, वापरला होता. एकाच स्फटिकातून कोरायचं कारण असं की सगळ्या पात्यांतली अणूंची रांग एकमेकींशी आपोआप जुळलेली राहते. वेगळे तुकडे आणून तेवढी जुळणी करणं जवळपास अशक्य. सगळे न्यूट्रॉन 'वर' स्पिनचे आत सोडले. पहिल्या पात्यावर शलाकेच्या दोन वाटा झाल्या. एका वाटेवर चुंबकीय कॉइल ठेवून स्पिन उलटा केला, म्हणजे तिथे 'खाली'. शेवटच्या पात्यावर दोन्ही वाटा एकत्र आणल्या आणि बाहेर आलेल्या न्यूट्रॉनचा स्पिन मोजला.

'काही वरचे, काही खालचे' असं मिश्रण असतं, तर आडव्या प्रतलात कुठल्याही दिशेला स्पिनचा कल शून्य आला असता. प्रत्यक्षात स्पिन आडव्या प्रतलात रोखलेला सापडला, ना वर ना खाली. शिवाय वाटांमधली कला, म्हणजे फेज, बदलण्यासाठी ठेवलेली धातूची चकती थोडी फिरवली की स्पिनची दिशा त्या प्रतलात गोल फिरत गेली. एक वाट अडवली असती तर फक्त वर किंवा फक्त खाली मिळालं असतं. आणि यंत्रात एका वेळी जास्तीत जास्त एकच न्यूट्रॉन असतो. एक बाहेर पडतो तेव्हा त्याच्या मागचा बहुतेक वेळा अजून युरेनियमच्या केंद्रकातच असतो. त्यामुळे 'वरचा न्यूट्रॉन खालच्या न्यूट्रॉनशी मिसळला' ही पळवाटही बंद.

ईशान्येचं उदाहरण कुठे तुटतं, तेही सांगायला हवं, कारण हमखास चूक तिथेच होते. नकाशावर उत्तर आणि पूर्व यांत ९० अंश. खऱ्या अवकाशात 'वर' आणि 'खाली' यांत १८० अंश, पण अवस्थांच्या अवकाशात |वर⟩ आणि |खाली⟩ एकमेकांना लंब, म्हणजे ९० अंश. खऱ्या कोनाचा अर्धा कोन अवस्थेत जातो. म्हणून |वर⟩ अवस्थेतला स्पिन थीटा कोनात कललेल्या अक्षावर मोजला, तर 'वर' मिळण्याची संभाव्यता थीटाच्या अर्ध्याच्या कोसाइनचा वर्ग असते. ६० अंशांना ३० चा कोसाइन घ्यायचा, वर्ग ०.७५. प्रकाशाच्या ध्रुवणाला, म्हणजे पोलरायझेशनला, अख्खा कोन लागतो: ६० अंशांना कोसाइन ०.५, वर्ग ०.२५. दोन्ही सूत्रं शेजारी लिहून ठेवा, नाहीतर एकाचं उत्तर दुसऱ्याला दिलं जातं.

आता संमिश्र संख्या. |वर⟩ आणि |खाली⟩ यांचे गुणक फक्त वास्तव संख्या ठेवले तर काय होतं? |+⟩ आणि |−⟩ मिळतात, म्हणजे झ आणि क्ष हे दोन अक्ष झाले. पण अवकाशाला तिसरी मितीसुद्धा आहे. य-अक्षावर 'अधिक' असलेली अवस्था कुठून आणणार? तिला झ वर ५०-५० द्यायचंय, क्ष वरही ५०-५० द्यायचंय. वास्तव गुणकांत अशी अवस्था शोधून पाहा. झ वर ५०-५० हवं म्हणून दोन्ही गुणकांचा आकार १/√२ ठेवावा लागतो, मग चिन्हांच्या निवडीतून फक्त |+⟩ किंवा |−⟩ निघतात, आणि त्या क्ष वर १०० किंवा ० देतात. जागाच उरत नाही. |खाली⟩ समोर √−१ लावला की जागा होते: (|वर⟩ + √−१ |खाली⟩)/√२. दोन गुणकांमधली सापेक्ष कला ० असली की +क्ष, ९० अंश असली की +य, १८० ला −क्ष, २७० ला −य. ग्रेनोबलला चकती फिरवून हीच कला बदलत होते.

कलेबाबत एक भेद पक्का करा. अख्ख्या अवस्थेला −१ ने गुणलं तर कुठलंच मोजमाप बदलत नाही. पण दोन भागांपैकी एकालाच −१ ने गुणलं तर |+⟩ चा |−⟩ होतो, म्हणजे क्ष-अक्षावरचं उत्तर पूर्ण उलटतं. स्पिन १/२ कण ३६० अंश फिरवला की अवस्थेला −१ लागतो. 'मग ते दिसत का नाही' याचं उत्तर असं की सगळाच कण फिरवला तर दिसणार नाही, आणि व्यतिकरणमापीच्या एकाच वाटेवर फिरवला तर दिसेल. १९७५ मध्ये न्यूट्रॉनवर ते दाखवलं गेलं. ३६० अंशांना व्यतिकरणाच्या नक्षीतल्या उजेड-अंधाराच्या (जास्त आणि कमी न्यूट्रॉनच्या) जागा अदलाबदल झाल्या आणि मूळ नक्षी परत यायला ७२० अंश लागले.

मग अध्यारोपणाचं मिश्रण होतं कधी? कला हाताबाहेर गेली की. (|वर⟩ + कलेसह |खाली⟩)/√२ ही अवस्था क्ष-अक्षावर मोजली तर 'अधिक' ची संभाव्यता (१ + कोसाइन फाय)/२ असते, फाय म्हणजे सापेक्ष कला. दर कणाला फाय वेगळी आणि कशीही येऊ लागली तर कोसाइनची सरासरी शून्य, उत्तर १/२, म्हणजे थेट नाणेफेक. प्रयोगशाळेत हे फार सहज घडतं. हेलियम-निऑन लेझरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर. दोन वाटांच्या लांबीतला फरक ३१६ नॅनोमीटरने बदलला की उजेडाचा अंधार होतो. केसाची जाडी याच्या शेकडोपट. त्यामुळे टेबलाला लागलेला धक्का किंवा पंख्याची हवासुद्धा नक्षी पुसायला पुरते. नक्षी दिसत नाही म्हणून आरशांचे स्क्रू पिळत बसण्याआधी पंखा बंद करून पाहावा.

दुसरं कारण जास्त खोल आहे. कण कुठल्या वाटेने गेला याची खूण भोवतालात कुठेही उमटली, तरी कर्णाबाहेरची पदं मरतात. ती खूण कोणी पाहिलीच पाहिजे असं नाही, हे मी जोर देऊन लिहितोय, कारण 'निरीक्षकाच्या जाणिवेमुळे तरंग कोसळतो' हे मराठीत फार पसरलंय. व्हिएन्नात २००४ साली ७० कार्बन अणूंच्या रेणूंवर झालेला प्रयोग त्याला पुरेसं उत्तर आहे. रेणू व्यतिकरणमापीत सोडण्याआधी लेझरने तापवले. तापलेले रेणू वाटेतच स्वतः प्रकाशकण सोडू लागले, आणि जसजसं तापमान वाढवलं तसतशी नक्षी फिकट होत नाहीशी झाली. ते प्रकाशकण कोणी टिपलेले नव्हते. ते यंत्राच्या भिंतींत शोषले गेले. रेणूची जागा सांगेल इतकी माहिती बाहेर निसटली, तेवढं पुरलं.

आता तुमच्या शंकेचं सर्वांत बळकट रूप घेऊ. 'ठीक आहे, एका दिशेचं नाणं नाही. पण कणाजवळ एक छुपी यादी असेल: झ ला विचारलं तर वर, क्ष ला विचारलं तर अधिक, अशी प्रत्येक दिशेची उत्तरं आधीच लिहिलेली. आपल्याला ती यादी माहीत नाही, इतकंच.' एकट्या स्पिनपुरती ही कल्पना चुकीची ठरवता येत नाही. असं प्रारूप स्वतः भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलनेच बनवून दाखवलंय. ती अडते दोन कणांपाशी.

एकमेकांत गुंतलेली स्पिनची जोडी घ्या, एकूण स्पिन शून्य. डावा कण अ किंवा अ′ दिशेत मोजायचा, उजवा ब किंवा ब′ दिशेत. प्रत्येक उत्तर +१ किंवा −१. यादी आधीच ठरलेली असेल, आणि डाव्या बाजूच्या यादीवर उजवीकडे काय मोजतात याचा परिणाम होत नसेल, तर प्रत्येक जोडीसाठी ही राशी लिहा:

अ(ब − ब′) + अ′(ब + ब′)

ब आणि ब′ सारखे असले तर पहिला कंस शून्य, दुसरा ±२. वेगळे असले तर उलट. म्हणजे दर जोडीला राशी ±२, आणि सरासरी कुठल्याही परिस्थितीत −२ ते +२ च्या आत. एवढंच. वहीच्या एका ओळीत मावणारी ही सिद्धता स्वतःच्या हाताने एकदा लिहावी.

क्वांटम यांत्रिकी काय सांगते? या जोडीसाठी दोन उत्तरांच्या गुणाकाराची सरासरी म्हणजे वजा कोसाइन (दोन दिशांमधला कोन). अ ० अंशांवर, अ′ ९० वर, ब ४५ वर, ब′ १३५ वर ठेवा. अब: −०.७०७. अब′: +०.७०७. अ′ब आणि अ′ब′: प्रत्येकी −०.७०७. राशीत अब′ वजा आहे, म्हणून बेरीज −२.८३. मर्यादा २, भाकीत २.८३. बेलने मूळ असमानता १९६४ मध्ये मांडली, हे चार दिशांचं रूप १९६९ चं. प्रयोगांनी क्वांटमच्या बाजूने कौल दिला, आणि २०१५ मध्ये मोजमापातल्या मुख्य पळवाटा एकाच वेळी बंद करूनही तोच निकाल आला. अ‍ॅस्पे, क्लाउझर आणि त्सायलिंगर यांना २०२२ चं नोबेल याच कामासाठी. इथे एक चूक टाळा: गणित बिघडतं ते ब आणि ब′ च्या चिन्हांत. वजा चिन्ह चुकीच्या पदाला लावलं तर वरच्याच कोनांना बेरीज शून्य येते आणि विद्यार्थी समजतो की सिद्धांतच चुकला.

यातून 'छुप्या याद्या अशक्य' असा निष्कर्ष काढू नका. अशक्य ठरतात त्या स्थानिक याद्या, म्हणजे इथल्या उत्तरावर तिथल्या मोजमापाचा परिणाम न होणाऱ्या, आणि तेही मोजमापाची दिशा यादीपासून स्वतंत्रपणे निवडली जाते असं धरून. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोमच्या १९५२ च्या मांडणीत कणाची जागा कायम ठरलेली असते आणि आकडे क्वांटमचेच येतात. किंमत म्हणून दूरचा तात्काळ परिणाम मान्य करावा लागतो.

अजून एक बारकावा, जो चांगल्या चांगल्यांकडून सुटतो. त्या जोडीतला फक्त डावा कण हातात धरलात तर त्याचं घनता मॅट्रिक्स कर्णावर १/२, १/२, बाहेर शून्य. हुबेहूब नाणेफेकीसारखं. मग आता तरी 'तो वर किंवा खाली आहे, आपल्याला माहीत नाही' म्हणता येईल? नाही. जोडीची अवस्था पूर्ण माहीत आहे, शुद्ध आहे, तिच्याबद्दल माहीत करून घेण्यासारखं काही उरलेलंच नाही. मॅट्रिक्स तेच असलं तरी ते आलंय कुठून हे वेगळं आहे. म्हणूनच 'भोवतालाने कर्णाबाहेरची पदं पुसली, आता मोजमापाचा प्रश्न सुटला' हे म्हणणं अपुरं आहे. पदं पुसली गेली की व्यतिकरण का दिसत नाही ते कळतं, पण दोनपैकी हेच एक उत्तर का घडलं ते कळत नाही. कोपनहेगन, एव्हरेट, बोम हे क्वांटमचा अर्थ लावणारे सारे पंथ त्या उरलेल्या प्रश्नाची उत्तरं देतात, आणि आजच्या प्रयोगांत त्यांचे आकडे सारखेच येतात. अवस्था आपोआप कोसळते असं मानणाऱ्या सिद्धांतांची भाकितं मात्र वेगळी आहेत, म्हणून त्यांची चाचणी घेता येते.

हे सगळं स्वतः पाहायचं असेल तर क्वांटम संगणकाचं मोफत सिम्युलेटर पुरतं. एक क्युबिट, म्हणजे वर-खाली ऐवजी |०⟩ आणि |१⟩ अशा दोन अवस्थांचा क्वांटम बिट, घ्या, तो |०⟩ पासून सुरू होतो. पहिलं सर्किट: हॅडामार्ड गेट (|०⟩ चं |+⟩ करणारी क्रिया), पुन्हा हॅडामार्ड, मग मोजमाप. उत्तर १००० पैकी १००० वेळा ०. दुसरं सर्किट: हॅडामार्ड, मोजमाप, हॅडामार्ड, मोजमाप. शेवटचं उत्तर ५००-५००. मधल्या मोजमापाने अध्यारोपणाची नाणेफेक केली, आणि दुसऱ्या हॅडामार्डला एकत्र आणायला काही उरलं नाही. मधलं मोजमाप करून त्याचं उत्तर वाचलं नाही, फेकून दिलं, तरी ५००-५०० च येतं. तिसरं सर्किट: दोन हॅडामार्डच्या मधे सापेक्ष कला फाय ने बदलणारं फेज गेट, आणि फाय ० पासून ३६० पर्यंत ३० अंशांच्या टप्प्याने. ० उत्तराची वारंवारता (१ + कोसाइन फाय)/२ या वक्रावर बसली पाहिजे. संमिश्र गुणकाचा कोन असा थेट आलेखावर दिसतो.

खऱ्या यंत्रावर चालवलंत तर पहिल्या सर्किटलाही १००० पैकी १००० येणार नाहीत. वाचनातच काही चुका होतात, त्या आधी रिकाम्या सर्किटवर मोजून ठेवा. दोन हॅडामार्डच्या मधे थांबा वाढवत नेला की ० चं प्रमाण हळूहळू निम्म्याकडे घसरतं: तुमच्या डोळ्यांसमोर कर्णाबाहेरचं पद मरत असतं. आणि पहिलं सर्किट फारच छान आलं, थांबा न घालता रिकाम्या सर्किटइतकंच अचूक, तर खूश होण्याआधी प्रत्यक्षात चाललेलं सर्किट उघडून पाहा. कंपायलर, म्हणजे सर्किट यंत्रासाठी उतरवणारा प्रोग्राम, दोन लागोपाठ हॅडामार्ड ओळखतो, त्यांचा गुणाकार एकक मॅट्रिक्स असल्याने दोन्ही काढून टाकतो, आणि यंत्रात अध्यारोपण तयारच झालेलं नसतं. दोन गेटांच्या मधे बॅरियर (कंपायलरला अडवणारी खूण) टाका किंवा ऑप्टिमायझेशनची पातळी शून्यावर ठेवा, आणि पुन्हा चालवा.